हलत्या चित्रांची जपणूक



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण असे भारदस्त विषय शोभून दिसतात. त्या मानाने आजचा विषय पोरकट वाटण्याचा संभव आहे. सोशल मीडियावर येणारी हलती चित्रे आपल्या फोनमध्ये उतरवून कशी ठेवावी, एवढाच तो विषय. कोणी म्हणेल, यात व्याख्यान कसले द्यायचे? नातवाला सांगावे, तो अर्ध्या मिनिटात करून देईल. नातू करून देतो हे खरे आहे. पण त्याने जे करून दिले ते नेमके काय, चित्र आपल्या हाती आले की नुसती त्याची खूण आली, हे पुष्कळदा नातवालाही ठाऊक नसते. या फरकाविषयीच मला आज बोलायचे आहे.

प्रथम, हलते चित्र म्हणजे काय? वास्तविक पाहता कोणतेही चित्र हलत नाही. स्थिर चित्रे एकामागून एक लगबगीने डोळ्यांपुढून गेली की मन त्यांना एकत्र गुंफते आणि आपल्याला गतीचा भास होतो. हा भास महाराष्ट्राने सिनेमाच्याही आधी पाहिला होता. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ नावाचे खेळ सुरू केले. काचेवर हाताने रंगवलेली चित्रे, मागे दिवा आणि पुढे पडदा, असा तो मामला होता. काही काचांचे भाग सरकते असत. ते खुबीने सरकवले की पडद्यावरची आकृती हालचाल करी आणि प्रेक्षक चकित होत. त्या काचांपैकी पुष्कळ आजही पाहता येतात. याचे कारण इतकेच, की घरच्यांनी त्या अडगळ म्हणून टाकून दिल्या नाहीत.

त्यानंतर वीस वर्षांनी दादासाहेब फाळके या विद्येच्या मागे लागले. ‘राजा हरिश्चंद्र’ काढायचा तर पैसा हवा, आणि हलत्या चित्रावर पैसा कोण लावणार? तेव्हा १९१२ मध्ये फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा त्याच्यापुढे रोखून महिन्याहून अधिक काळ त्याच्या वाढीची एकेक चौकट टिपली. ती फीत पडद्यावर लावली तेव्हा पाहणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत बी फुटले, अंकुर वर आला, वेल चढू लागला. ‘अंकुराची वाढ’ हे तिचे नाव. ती पाहून भांडवल देणाऱ्यांचा विश्वास बसला. १९१५ मध्ये त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केली. तीत काड्यापेटीतल्या काड्या आपोआप हलून आकार घेत. आज तुमच्या फोनवर तीन सेकंदांत फूल उमलते, समईची ज्योत लवलवते, त्याची पणजी म्हणजे ही वाटाण्याची फीत होय. फरक इतकाच, की फोनवरचे फूल रोज सकाळी येते, आणि फाळक्यांची ती फीत आज आपल्याला पाहायला मिळत नाही. आगकाड्यांचीही नाही. ती कशी नाहीशी झाली याकडे मी पुढे वळणार आहे.

आता फोनवरच्या चित्राकडे येऊ. ज्याला आपण जिफ किंवा गिफ म्हणतो तो मुळात चित्र साठवण्याचा एक प्रकार आहे. अमेरिकेतील कॉम्प्युसर्व्ह या कंपनीत स्टीव्ह विल्हाइट यांच्या देखरेखीखाली तो १९८७ मध्ये तयार झाला. उच्चार ‘जिफ’ असाच करावा, असे विल्हाइट यांनी २०१३ मध्ये एका समारंभात बजावले. २०२२ मध्ये ते वारले. आणि लोक अजून दोन्ही उच्चार करतात. असो. एका जिफमध्ये चित्रांची चळत असते, आणि प्रत्येक चित्र सेकंदाचे किती शतांश दाखवायचे हे लिहिलेले असते. एका चित्रात जास्तीत जास्त २५६ रंग मावतात, म्हणून जुन्या जिफमधले आकाश पट्ट्यापट्ट्यांचे दिसते. तेच ते पुन्हा पुन्हा फिरत राहण्याची सोय १९९५ मध्ये नेटस्केप नावाच्या ब्राउझरने रूढ केली.

जिनिंग-प्रेसिंगच्या गावात, माल दाबून गाठ का बांधतात हे मी समजावून सांगण्याची गरज नाही. चित्रांचेही तसेच आहे. मोकळे चित्र जागा फार खाते म्हणून ते दाबून बांधावे लागते. जिफची गाठ अशी, की ती सोडली असता आत घातलेला प्रत्येक तंतू जसाच्या तसा बाहेर येतो. पण गाठ मोठी होते. व्हिडिओसाठी वापरतात ती एमपी-फोर ही दुसरी रीत थोडे तंतू गाळून टाकते, डोळ्याला चटकन कळणार नाही अशा बेताने, आणि गाठ पुष्कळ लहान करते. म्हणून ट्विटरने २०१४ मध्ये जिफ घेण्यास सुरुवात केली तेव्हा आलेले जिफ तो आतल्या आत एमपी-फोर करून ठेवू लागला. व्हॉट्सॲपही हेच करते. म्हणजे तुमच्या पडद्यावर ‘जिफ’ अशी अक्षरे असलेले जे चित्र फिरत असते, ते बहुधा जिफ नसतेच. तो आवाज काढून घेतलेला चिमुकला चित्रपट असतो. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण चित्र उतरवताना होणारा निम्मा घोटाळा इथून निघतो. माणूस फोनमध्ये जिफ शोधत बसतो, आणि ते व्हिडिओंच्या रांगेत मुकाट्याने बसलेले असते.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. जिफची गाठ बांधण्याची जी गणिती युक्ती होती, तिचे पेटंट युनिसिस या कंपनीकडे होते, आणि १९९४ च्या अखेरीस त्या कंपनीने जिफ बनवणाऱ्या प्रोग्रॅमांकडे त्याचे मोल मागितले. अमेरिकेतले ते पेटंट २००३ मध्ये संपेपर्यंत हा तंटा चालला. आज आपण फोनच्या कळफलकातून जी तयार चित्रे निवडतो ती बहुतेक जिफी आणि टेनर या दोन दुकानांतली असतात. टेनर २०१८ मध्ये गूगलने घेतले. जिफी २०२० मध्ये फेसबुकने घेतले, ब्रिटनच्या नियामकाने ते विकायला लावले, आणि २०२३ मध्ये ते शटरस्टॉककडे गेले. दुकान असे हातोहात फिरत असेल, तर मांडणीवरचा माल उद्या तिथेच असेल असे कोणी सांगावे?

मांडणीवरचा माल कसा नाहीसा होतो हे आपल्या सिनेमाच्या इतिहासाइतके स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसणार नाही. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, म्हणजे सावेदादांनी, १८९९ मध्ये मुंबईत कुस्तीचे चित्रण केले आणि १९०१ मध्ये रँग्लर परांजपे परदेशाहून परतले तेव्हाचे स्वागत टिपले. ती चित्रे आज नाहीत. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये चार रिळांचा होता. त्यांतली पहिली आणि शेवटची एवढीच पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला मिळाली, आणि तीही १९१७ मध्ये फाळक्यांनी पुन्हा केलेल्या चित्रपटाची असावीत असे काही अभ्यासक मानतात. बाबूराव पेंटरांचा १९२५ चा मूक ‘सावकारी पाश’ ज्यांनी पाहिला त्यांनी त्याची वाखाणणी केली; आपल्याला तो पाहायला मिळत नाही. १९३१ चा ‘आलम आरा’, पहिला बोलपट, त्याचीही प्रत नाही.

यांपैकी किती चित्रे आगीत गेली आणि किती दुर्लक्षात? आग होतीच. जुनी फिल्म नायट्रेटची असे आणि ती भडकन पेटे. पण त्याहून अधिक नाश निवांतपणे झाला. फिल्मवर चांदीचा अंश असतो. खेळ संपला, गिऱ्हाईक उरले नाही, की रिळे चांदी काढण्यासाठी विकली जात. ज्यांच्या घरात ती होती त्यांना ती रद्दीच वाटे. पी. के. नायर यांनी १९६४ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या संग्रहालयासाठी देशभर हिंडून रिळे गोळा केली, फाळक्यांच्या कुटुंबीयांकडूनही मिळवली, तेव्हा कुठे जे उरले ते उरले. पुढे ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात त्या नायट्रेट रिळांच्या कोठारालाच आग लागली. ज्यांच्या प्रती आधी दुसऱ्या फिल्मवर उतरवून ठेवल्या होत्या, त्यांची चित्रे त्या आगीतूनही वाचली. मूळ वस्तू जळाली आणि प्रत टिकली, असा हा प्रकार आहे. रिळांची ही हकीकत मी विषय सोडून सांगितलेली नाही. प्रत काढणे ही हौसेची गोष्ट आहे, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी सांगितली.

हे झाले शंभर वर्षांपूर्वीचे. आता आपल्या डोळ्यांदेखतचे पाहू. ऑर्कुट आठवते का? २००४ मध्ये निघाले, ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. फोटो काढून घेण्यासाठी गूगलने आणखी दोन वर्षांची मुदत दिली होती. किती जणांनी काढून घेतले? २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ५९ ॲपांवर बंदी घातली, त्यांत टिकटॉक होते. बंदी योग्य की अयोग्य हा आजचा विषय नाही. परंतु खेड्यापाड्यांतल्या कोट्यवधी लोकांनी त्यावर आपली चित्रे घातली होती. शेतात नाचणारी पोरे, विनोद करणारी म्हातारी, लेझमाचा सराव. ज्यांचा फोटो आयुष्यात दोनदा निघाला असता अशा माणसांची हालती-बोलती चित्रे होती ती. एका दोन दिवसांत ॲप उघडेनासे झाले. ज्यांनी आपली चित्रे फोनमध्ये उतरवली होती त्यांच्याकडे ती आहेत. ज्यांनी ‘तिथे आहेतच की’ असे म्हटले, त्यांच्यापुढे कुलूप आले. त्या कुलपाची किल्ली ना त्यांच्याकडे, ना सरकारकडे.

उलट उदाहरणही आहे. जिओसिटीज नावाचे वेबपानांचे मोठे गाव याहू कंपनीने २००९ मध्ये मोडले. ते मोडण्यापूर्वी काही हौशी मंडळींनी आणि इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेने हाती लागतील तेवढी पाने उतरवून घेतली. त्या पानांवर साध्यासुध्या लोकांनी डकवलेली लाखो हलती चित्रे होती: फिरणारे पृथ्वीगोल, धावणारी मांजरे, ‘काम चालू आहे’ अशा पाट्या. २०१६ मध्ये त्या संस्थेने ती सारी शोधून पाहण्याची सोय केली. हा गबाळग्रंथ कशाला जपला, असे विद्वान म्हणाले असतील. पण एका काळी सामान्य माणूस संगणकावर कसा हसत होता हे कळायला आज दुसरे साधन नाही.

तेव्हा मुद्द्याचे बोलू. फेसबुकवर किंवा इन्स्टाग्रामवर ‘सेव्ह’ करण्याची सोय असते. ते दाबले की आपल्याला वाटते, चित्र ठेवले. मंडळी, हे मानवत रोड स्टेशन आहे. तिथे उतरलेला परगावचा पाहुणा, पाटी वाचून ‘आलो मानवतला’ असे घरी कळवतो; पण गाव अजून पुढे असते. त्या ‘सेव्ह’ने चित्र तुमच्या फोनमध्ये येत नाही. ते आहे तिथेच, कंपनीच्या वखारीत राहते आणि तुम्हाला मिळते ती एक चिठ्ठी. टाकणाऱ्याने चित्र काढून टाकले, खाते बंद केले किंवा कंपनीने वखारच मोडली, की ती चिठ्ठी कोरी. चित्र खरोखर आपल्याकडे आहे की नाही हे पाहण्याची कसोटी सोपी आहे. फोनचा डेटा आणि वायफाय बंद करा आणि मग चित्र उघडा. उघडले तर तुमचे.

व्हॉट्सॲपची रीत जरा निराळी. तिथे आलेले चित्र फोनमध्ये उतरते, पण उतरवण्याची परवानगी बंद ठेवली असेल तर ते धुरकट दिसते आणि त्यावर खाली वळलेला बाण असतो. तो दाबल्याशिवाय ते तुमचे नव्हे. न उतरवलेले चित्र कंपनी तिच्याकडे अनंतकाळ ठेवत नाही. चार-सहा महिन्यांनी बाण दाबला तर, पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा, असा निरोप येतो. आणि पाठवणाऱ्याने तोवर फोन बदललेला असतो. अँड्रॉइड फोनमध्ये फाइल्सचे ॲप उघडून अँड्रॉइड, मग मीडिया, मग व्हॉट्सॲपच्या नावाचा फोल्डर, असे आत गेले की ‘व्हॉट्सॲप ॲनिमेटेड जिफ्स’ नावाची खोली लागते. हलती चित्रे तिथे असतात, एमपी-फोरच्या रूपात. स्टिकरांची खोली वेगळी. ते वेबपी नावाच्या तिसऱ्याच प्रकारात असतात आणि फोटोंच्या गॅलरीत सहसा दिसत नाहीत. स्टेटसवरचे चित्र चोवीस तासांत मावळते. ते हवे असेल तर आडमार्गाने उतरवण्यापेक्षा ज्याने लावले त्याच्याकडून मागून घ्यावे. त्याच्याकडची प्रत अधिक स्वच्छ असते, आणि मागण्याने माणसे जवळ येतात ते वेगळेच.

ब्राउझरमध्ये दिसणाऱ्या चित्रावर बोट दाबून धरले की ‘डाउनलोड’चा पर्याय येतो, तो घ्यावा. स्क्रीनशॉट घेऊ नये. स्क्रीनशॉट घेतला की हलते चित्र जागच्या जागी गोठते, आणि बहुधा नको त्या क्षणी, डोळे मिटलेले असताना. बोट दाबून काहीच होत नसेल तर फोनचे स्वतःचे स्क्रीन रेकॉर्डिंग असते. अँड्रॉइडमध्ये २०२० पासून ते आतच दिलेले आहे. त्याने चित्र थोडे भुरे येते, पण हलते येते. जिफ उतरवून देतो म्हणणारी जी परकी ॲप आणि संकेतस्थळे आहेत त्यांच्या वाटेला शक्यतो जाऊ नये. चार सेकंदांच्या चित्रासाठी ते ॲप तुमच्या संपर्कांची यादी मागत असेल, तर त्याचा डोळा चित्रावर नाही एवढे ओळखावे. आणि व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा हलते शुभेच्छापत्र म्हणून एपीके नावाची फाइल आली, तर ती कितीही जवळच्या माणसाकडून आलेली असो, उघडू नये. चित्राची फाइल कधीही एपीके नसते. ते ॲप असते, आणि पोलिसांनी या फसवणुकीबद्दल वेळोवेळी इशारे दिलेले आहेत.

उतरवलेले चित्र पुढे कोणाला द्यायचे तर ते व्हॉट्सॲपमधून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. गॅलरीतून पाठवले की पुन्हा दाबले जाते, पुन्हा थोडे तंतू गळतात. चार घरी असे फिरून आलेल्या चित्रातली आजी ओळखू येत नाही, याचे कारण आजी बदलली हे नसते.

आता सगळेच जपायचे काय? मुळीच नाही. रोज पहाटेपासून गुलाब, कपबशी, सूर्योदय आणि चमचमती अक्षरे यांचा जो पाऊस पडतो, त्याने फोन भरून बंद पडायला आले. तो गाळ खुशाल पुसावा. पुसताना मात्र एक चूक हटकून होते. फोन म्हणतो ‘जागा नाही’, आपण वैतागून सगळे निवडतो आणि एकदम पुसतो. त्या गुलाबांच्या ढिगात पोळ्याला बैलांना ओवाळणाऱ्या आईचे तीन सेकंद असतात. कापूस वेचताना कवडी बाजूला काढतात, तसे आधी वेचावे, मग ढीग फेकावा. माझ्या मते उलटी चाळणी लावावी: जे बाजारात पुन्हा मिळेल ते पुसावे, जे दुसऱ्या कोणाकडेच नाही ते ठेवावे. गणपतीचे चमकते चित्र उद्या शंभर मिळतील. आपल्या वाड्याच्या पाडलेल्या ओसरीवर पत्ते खेळणारे चौघे कुठल्याही दुकानात मिळणार नाहीत.

इथे एक हरकत घेतली जाईल आणि ती रास्त आहे. चित्र उतरवता येते म्हणून ते उतरवण्याचा हक्क येतो काय? दुसऱ्याने केलेल्या कलाकृतीची प्रत स्वतःच्या खाजगी उपयोगापुरती, रास्त मर्यादेत ठेवण्यास १९५७ चा कॉपीराइट कायदा कलम ५२ खाली मोकळीक देतो. ती पुन्हा आपल्या नावाने लावण्यास किंवा धंद्यात वापरण्यास देत नाही. पण मला कायद्यापेक्षा रीतीची चिंता अधिक आहे. लग्नात नाचणाऱ्या मुलीचे चित्र तिने चार मैत्रिणींसाठी लावलेले असते. ते कोणी उतरवून, तोडून, त्यातले दोन सेकंद फिरते करून गावभर पाठवले, तर तिचा नाच तिचा राहत नाही; लोक हसतात आणि ती घरात बसते. आपल्या माणसाची आठवण जपणे आणि परक्या लेकीबाळींचे चित्र खिशात घालणे, दोन्हींत बोटाची हालचाल एकच असते. म्हणून म्हटले, विचारून घ्यावे. ज्याने नको म्हटले त्याचे चित्र उतरवले असले तरी पुसावे. जपणुकीचा आग्रह धरणाऱ्या माणसाने एवढे पुसणे शिकलेच पाहिजे.

शेवटी, फोन म्हणजे तिजोरी नव्हे. तो विहिरीत पडतो, एस.टी.त विसरतो, चोरीला जातो. वेचून ठेवलेली चित्रे वर्षातून दोनदा, दिवाळीला आणि पाडव्याला म्हणा, पेनड्राइव्हवर किंवा संगणकावर उतरवावी आणि एक प्रत दुसऱ्या घरी, बहिणीकडे, मुलाकडे ठेवावी. पुण्याच्या कोठाराला आग लागली तेव्हा दुसरीकडची प्रतच कामाला आली होती. फेसबुक आणि गूगल दोघेही तुमचा सगळा माल एका गाठोड्यात बांधून मागणीनुसार देतात. खाते बंद करण्यापूर्वी ते मागून घ्यावे. आणि फाइलला नाव द्यावे. फोन जे नाव देतो ती नुसती आकड्यांची माळ असते. ‘आई, पोळा, मानवत, २०१९’ असे लिहिलेत तर पुढे ज्याने आईला पाहिलेच नाही त्यालाही ती सापडेल.

ज्यांना व्हॉट्सॲपमधली ती खोली सापडत नसेल त्यांनी व्याख्यान संपल्यावर व्यासपीठापाशी यावे. कोणाच्या फोनची बॅटरी शिल्लक असेल तर आत्ताच उघडून पाहू.